काकांचा प्रश्न आणि २०० किलोहर्ट्झ

"मराठी विभागाला टेक्निकल लेख कुणी देतच नाही. सगळे पाऊस आणि आई यांच्यावर कविता देतात," अशी तक्रार घेऊन आमच्या संपादक मॅडम (म्हणजे माझीच रूम पार्टनर) तीन रात्री मागे लागल्या होत्या. शेवटी मी हो म्हटलं. आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी हा आमच्याकडे पास होण्यापुरता विषय होता, त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मेसच्या आमटीसारखं गोड मानून घ्या.

विषय मात्र मी शोधलेला नाही. तो मला माझ्या काकांनी दिला.

काका शाहूवाडीत राहायचे. मलकापूर-कोल्हापूर लाइनवर त्यांची वडाप होती. हॉस्टेलवरच्या मुंबई-नागपूरकरांसाठी सांगते, दहा जणांच्या जीपमध्ये सोळा जण बसवून एसटीच्या आधी पोचवणारी संस्था म्हणजे वडाप. २०२४ च्या गणपतीआधी एक दिवस बांबवड्याजवळ त्यांचा डावा हात गियरवर जाईना. "झोपेत अवघडला असंल," म्हणाले आणि तशीच गाडी घरी आणली. दोन-तीन आठवड्यांत चहाचा कप हातातून पडायला लागला तेव्हा कोल्हापूरला नेऊन एमआरआय केला. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. उजवा मेंदू डावं अंग चालवतो हे आपण अकरावी-बारावीला पाठ केलेलं असतं. ते असं समोर येईल असं वाटत नाही.

ऑपरेशननंतर गाठीचं नाव कळलं, ग्लिओब्लास्टोमा. मेंदूत विचार करणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्या प्रकारातून हा कॅन्सर उगवतो. याची मुळं आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत हरळीसारखी पसरतात. शेतातली हरळी ज्यानं काढलीय त्याला कळेल, वरचं सगळं खणून काढलं तरी काहीतरी राहतंच. आणि मेंदू काही बांध नाही, की राहिलं तर अजून एक वीत खणा. म्हणून ऑपरेशननंतर सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या, ही पद्धत २००५ पासून जगभर चालते. ज्या अभ्यासामुळे ती रूढ झाली त्यात नुसत्या रेडिएशनवाल्या गटाचं मध्यम आयुष्य १२.१ महिने होतं आणि गोळ्या जोडल्यावर ते १४.६ झालं. अडीच महिने! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे.

काकांचं रेडिएशन परळला टाटा मेमोरियलमध्ये झालं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काका-काकू राहायचे. डिसेंबरात सेमिस्टर संपवून मी शाहूवाडीला गेले तेव्हा ते परत आले होते. कानामागे टाक्यांची कमान, डोक्यावर माकडटोपी. माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवर कुणीतरी फॉरवर्ड पाठवलं होतं, "डोक्याला विजेची टोपी घाला, ट्यूमर बरा". काकांनी ते मला दाखवलं आणि विचारलं, "तू लाईटीचं शिकतीस न्हवं? ह्ये खरं हाय का?"

मी इलेक्ट्रिकलला, सेकंड इयरला. मला काहीही माहीत नव्हतं. "बघून सांगते," म्हटलं.

तर बघून जे कळलं ते असं.

आपल्या सॉकेटमधली वीज ५० हर्ट्झची. ती अंगातून गेली की शॉक बसतो, कारण त्या वेगाला आपल्या नसा आणि स्नायू प्रतिसाद देऊ शकतात. फ्रिक्वेन्सी वाढवत लाखाच्या पुढे नेली की नसेला दिशा बदलल्याचं कळेपर्यंत ती परत बदललेली असते, म्हणून शॉक बसत नाही. अजून खूप वर गेलो की अंगातलं पाणी तापायला लागतं, मायक्रोवेव्हमध्ये तापतं तसं. मधला पट्टा, साधारण १०० ते ३०० किलोहर्ट्झ, हा "इथे शरीरात काही विशेष घडत नाही" म्हणून बरीच वर्षं दुर्लक्षित होता. तुलनेसाठी, आमचे आजोबा लावायचे ती आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर लागायची. म्हणजे हा पट्टा त्याच्याही खालचा.

इस्राएलमधल्या हैफा शहरात टेक्निऑन नावाची इंजिनिअरिंगची मोठी संस्था आहे. तिथले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक योराम पाल्टी यांनी २००० च्या सुमारास या दुर्लक्षित पट्ट्याकडे बघितलं. पेशीचं आवरण म्हणजे पातळ इन्सुलेटर, दोन्हीकडे खारं पाणी. थोडक्यात कपॅसिटर! कमी फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर अडवतो, जास्त फ्रिक्वेन्सीला सोडतो, हे आपण पहिल्याच वर्षी जर्नलमध्ये उतरवून घेतलंय (उतरवून, करून नव्हे). त्यामुळे २०० किलोहर्ट्झचं फील्ड पेशीच्या आत पोचू शकतं. आत जाऊन ते काय करणार? पेशी नुसती बसलेली असेल तर जवळजवळ काही नाही. पण ती दोन होत असेल, तर मात्र तिची पंचाईत होते.

पेशी दुभंगताना आत दोऱ्यांचा एक सांगाडा तयार होतो आणि तो क्रोमोसोम ओढून दोन बाजूंना वाटतो. हे दोरे ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या विटांचे असतात, आणि प्रत्येक विटेचं एक टोक थोडं प्लस, दुसरं थोडं मायनस असतं. वीट नीट रांगेत बसायला गेली की बाहेरचं फील्ड तिला वळवतं, सेकंदाला लाखो वेळा इकडून तिकडे. सांगाडा वेडावाकडा बनतो. दुसरी गोष्ट शेवटच्या टप्प्यावर होते. पेशीचा आकार तेव्हा डमरूसारखा असतो, मध्ये बारीक कंबर. फील्डच्या रेषा त्या कंबरेत दाटतात, म्हणजे फील्ड सगळीकडे सारखं राहत नाही, आणि पेशीतल्या वस्तू त्या दाट भागाकडे खेचल्या जातात. पेशी फुटते किंवा चुकीची वाटणी घेऊन नंतर मरते. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या विचार करणाऱ्या पेशी सहसा दुभंगत नाहीत. तिथे सतत दुभंगत असते ती गाठ. म्हणून मार बहुतेक तिलाच बसतो. पाल्टींच्या गटाने हे २००४ साली प्रयोगशाळेतल्या पेशींवर दाखवलं, आणि फील्ड फार नाही, एका सेंटिमीटरला एक ते तीन व्होल्ट.

वाचून मी भारावले होते. मग वहीच्या मागच्या पानावर एक हिशोब केला आणि जरा थंड झाले. ट्युब्युलिनच्या विटेचा डायपोल मोमेंट सुमारे १७०० डिबाय धरा, फील्ड सेंटिमीटरला १ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार केला की विटेला वळवणारी ऊर्जा मिळते. ३७ अंश तापमानाला प्रत्येक रेणू उष्णतेने आपोआप जी थरथर करत असतो, तिची ऊर्जा याच्या जवळजवळ साडेसात हजार पट निघते! म्हणजे यात्रेच्या गर्दीत कुणी तुम्हाला हलकी फुंकर मारून वळवू बघतंय. हा आक्षेप माझा नाही, जाणत्या लोकांनी तो आधीच छापलाय. तेव्हापासून दुसरी स्पष्टीकरणंही पुढे आली आहेत, की फील्डमुळे पेशीचं आवरण गळकं होतं, कॅल्शियमची दारं उघडतात, डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा बिघडते, शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. काहीतरी घडतं हे दिसतंय. नेमकं कशाने घडतं याचा वाद मिटलेला नाही. मला हे फार आवडलं. आपल्या पुस्तकांत सगळं १९५० सालीच मिटल्यासारखं लिहिलेलं असतं.

आता ती टोपी. पाल्टींनी २००० साली नोव्होक्युअर नावाची कंपनी काढली, तिचं हे उपकरण. डोक्याचं टक्कल करायचं, त्यावर चार चिकटपट्ट्या, प्रत्येकीत नऊ सिरॅमिक चकत्या. सिरॅमिक अशासाठी, की त्यांच्यातून डीसी जाऊ नये, फक्त एसी जावा. समोरासमोरच्या पट्ट्यांची एक जोडी एक सेकंद चालते, मग आडवी जोडी एक सेकंद, कारण पेशी कुठल्या दिशेने दुभंगणार हे आपल्याला माहीत नसतं आणि फील्ड त्या दिशेने असलं तरच जास्त काम करतं. खांद्याला बॅटरीची पिशवी, नवीन मॉडेलमध्ये सगळं मिळून सव्वा किलोच्या आसपास. आणि हे दिवसातले १८ तास. झोपेतसुद्धा.

अमेरिकेच्या एफडीएने २०११ साली उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठी याला परवानगी दिली. त्या वेळच्या अभ्यासात हे केमोपेक्षा सरस ठरलं नव्हतं. दोन्हीकडे सहा-साडेसहा महिनेच, फक्त त्रास कमी. खरी बातमी नंतर आली. नव्याने निदान झालेल्या ६९५ रुग्णांच्या अभ्यासात, ज्याचा अंतिम निकाल २०१७ च्या डिसेंबरात छापून आला, गोळ्यांसोबत टोपी घालणाऱ्यांचं मध्यम आयुष्य २०.९ महिने आणि नुसत्या गोळ्यावाल्यांचं १६ महिने भरलं. पाच वर्षं जगलेले १३ टक्के, विरुद्ध ५ टक्के. या आजारात पाच महिने म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. पण दुसऱ्या गटाला खोटी टोपी दिली नव्हती. कुणाला खरं यंत्र मिळालंय हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून काही डॉक्टर अजून मान डोलवत नाहीत. २०२४ साली याच तत्त्वाच्या उपकरणाला फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठीही परवानगी मिळाली. तिथे पट्ट्या छाती-पाठीवर लावतात.

फॉरवर्डमधला "बरा" हा शब्द मात्र साफ खोटा होता. हे मला काकांना सांगायचं होतं.

मी सांगितलं, निम्मंच. टक्कल, पट्ट्या, १८ तास. पट्ट्यांखाली कातडी सोलवटते, दर तीन-चार दिवसांनी पट्ट्या बदलून परत डोकं भादरावं लागतं. बॅटरी दोन-तीन तास टिकते, मग बदलायची. काकांनी सगळं गाडीच्या सर्व्हिसिंगसारखं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आषाढात आंब्याकडं झाड पडलं की दोन दोन दिवस लाईट न्हाई. तवा काय एसटी स्टँडवर जाऊन डोस्कं चार्जिंगला लावू?" काकू हसायला लागल्या, मग आत निघून गेल्या.

किंमत मी सांगितलीच नाही. अमेरिकेत या उपकरणाची छापील किंमत महिन्याला सुमारे २१ हजार डॉलर होती, म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये. महिन्याला. काकांची अख्खी जीप सेकंडहँड चार लाखांची होती.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी हा लेख आहे. "एवढं वरनं चिकटवायचं कशाला? आतच का बसवत न्हाईत? छातीत नसतं का बसवत मशीन, हार्टवाल्यांच्या?"

वडाप चालवणारा माणूस, दहावी नापास! आणि मँचेस्टरमधली क्यूव्ही बायोइलेक्ट्रॉनिक्स नावाची कंपनी नेमकं हेच करायच्या मागे आहे. कॅनडातल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या गटाने उंदरांच्या मेंदूत, गाठीमध्येच इलेक्ट्रोड घालून हे करून बघितलंय. कल्पना सरळ आहे. बाहेरून फील्ड पाठवलं तर मध्ये कवटी येते, आणि हाड मेंदूपेक्षा विजेला कितीतरी जास्त अडवतं. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या डॉक्टरांनी तर कवटीला गाठीवरच्या भागात मुद्दाम भोकं पाडून टोपी घालायला दिली, म्हणजे फील्डला आत यायला खिडक्या. १५ रुग्णांवरचा तो छोटा अभ्यास २०२० साली आला. त्यापेक्षा इलेक्ट्रोड आतच ठेवला तर टक्कल नको, पट्ट्या नकोत, कातडी सोलायला नको, १८ च्या जागी २४ तास चालेल, आणि लोकांना दिसणारही नाही. शिवाय ही गाठ परत येते ती बहुतेक वेळा जुन्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच. ऑपरेशनला कवटी उघडलेली असतेच, त्याच पोकळीत इलेक्ट्रोड ठेवून बंद करायचं.

मग अडतं कुठे? मला उत्तर द्यायचं होतं म्हणून मी परत वही काढली.

पहिली अडचण करंटची. मेंदूची कंडक्टिव्हिटी मीटरला ०.३ सीमेन्स धरा. सेंटिमीटरला १ व्होल्ट फील्ड ठेवायचं तर प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये ३ मिलिवॉट खर्च होतात. शंभर घन सेंटिमीटर भागाला, म्हणजे लहान संत्र्याएवढ्या, ०.३ वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं, एलईडीच्या इंडिकेटरला आपण त्याच्या दहावा हिस्सा देतो. पण पेसमेकर वीसेक मायक्रोवॉटवर चालतो! हा त्याच्या पंधरा हजार पट. पेसमेकरमधला जो सेल आठ-दहा वर्षं जातो, त्यात साधारण पावणेतीन वॉट-अवर असतात. इथे तो नऊ तासांत संपेल. म्हणजे बॅटरी बाहेरून कॉइलने चार्ज करावी लागणार. पार्किन्सनसाठी मेंदूत जे स्टिम्युलेटर बसवतात (मुंबईत हे ऑपरेशन बरीच वर्षं होतंय) त्यांच्यात रिचार्ज होणारे प्रकार आहेत, म्हणजे रस्ता आहे, पण लांबचा.

दुसरी, फील्डचा आकार. हीच मला सगळ्यात अवघड वाटते. अर्धा सेंटिमीटर त्रिज्येचा एक गोल इलेक्ट्रोड घ्या. फील्ड अंतराच्या वर्गाने कमी होतं. दोन सेंटिमीटरवर १ व्होल्ट प्रति सेंटिमीटर हवं असेल तर इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर ते १६ भरतं, आणि तापण्याचं प्रमाण फील्डच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिथे उष्णता २५६ पट! शरीरात बसवायच्या उपकरणाचा बाहेरचा भाग शरीरापेक्षा २ अंशांहून जास्त तापू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे एक इलेक्ट्रोड चालणार नाही, बरेच लागतील, आणि कुठला कधी चालू करायचा हे प्रत्येक पेशंटच्या स्कॅनवरून ठरवावं लागेल. टोपी या बाबतीत बरी. लांबून येत असल्याने तिचं फील्ड गाठीभोवती जास्त सारखं असतं.

तिसरी अडचण मी विसरलेच होते, ती चुलतभावाने काढली. "दर दोन-तीन म्हयन्यानी एमआरआय हाय की. लोखंड घालून कसं चालंल?" लोखंड नसतं, प्लॅटिनमसारखे धातू असतात, पण मुद्दा बरोबर होता. धातूच्या भोवती एमआरआयचं चित्र फाटतं, आणि फाटतं नेमकं तिथे जिथे डॉक्टरांना गाठ परत आली का हे बघायचं असतं. त्याशिवाय रेडिएशन घेतलेली कातडी लवकर भरत नाही, त्यात वायर म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण. आणि डीसीचा जरासा अंश गेला तरी इलेक्ट्रोडपाशी पाण्याचं विघटन सुरू होतं, आपण आठवीत बॅटरीच्या कांड्या घालून केलं होतं तसं.

आजच्या घडीला फील्डने ट्यूमर मारायचं असं मेंदूत बसवलेलं एकही उपकरण नेहमीच्या उपचारात नाही. सगळं प्रयोगाच्या पायरीवर आहे. पण पेसमेकरची सुरुवात बघा. १९५८ साली स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर बसवला तेव्हा त्यात दोन ट्रान्झिस्टर होते आणि त्याचा साचा बूट पॉलिशच्या डबीत ओतला होता. तो काही तासांत बंद पडला. पेशंट, आर्ने लार्सन, नंतर वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. ते बसवणाऱ्या सर्जनपेक्षा आणि बनवणाऱ्या इंजिनिअरपेक्षाही जास्त. ही गोष्ट मी काकांना सांगितली तेव्हा त्यांना बूट पॉलिशची डबीच जास्त आवडली. "कुठल्या कंपनीची?" असं विचारलं.

२०२५ च्या मार्चमध्ये गाठ परत आली, दीड सेंटिमीटरवर. आषाढात काका गेले. तीन दिवस आधी लाइट गेली होती ती दहाव्याच्या दिवशी आली.

पण ते मार्चच्या आधीचं सांगायचं राहिलं. जानेवारीत हॉस्टेलवरून फोन करून मी त्यांना हिशोबाचं उत्तर दिलं होतं. आत बसवलं तर पेसमेकरचा सेल नऊ तास पुरेल, म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता. ते मनात काहीतरी मोजत होते.

"नऊ तास," म्हणाले. "म्हंजी मलकापुरातनं बसलं की मुंबईला पोचतंय माणूस. उतरल्यावर बघू की फुडचं."